कोरोना: घरातले, जिन्यातले आणि दारातले प्रश्न

(वारंवार विचारले जाणारे प्रश्न. पुणे, मे २०२० चा मध्य)

राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला आपल्या पुण्यात सापडले, तेव्हापासून दवाखान्याच्या फोनला उसंत नाही. टाळेबंदीचा तिसरा टप्पा संपत आला तरी प्रश्न बरेचसे तेच आहेत, फक्त विचारणारे बदलतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सरकारी नियम दर पंधरवड्याला बदलत आहेत, त्यामुळे नियम आणि दरांपुरतं हे पान मे २०२० च्या मध्याचं समजा. आजाराची मूळ गोष्ट मात्र तारखेगणिक बदलत नाही.

१. डॉक्टर, हा आजार पसरतो तरी कसा? एकदा सरळ सांगा.

माणसाकडून माणसाला, मुख्यतः श्वासावाटे. बाधित माणूस बोलतो, हसतो, खोकतो, शिंकतो तेव्हा नाकातोंडातून थेंब उडतात आणि ते समोरच्याच्या नाकात, तोंडात, डोळ्यांत जातात. मोठे थेंब तीन ते सहा फुटांत खाली पडतात. बारीक कण बंद खोलीत रेंगाळतात, कोपऱ्यात लावलेल्या अगरबत्तीचा वास खोलीभर व्हावा तसे. दुसरा मार्ग हातांचा: दूषित जागेला हात लागला आणि तोच हात नाकाडोळ्यांना गेला तर. हा मार्ग खरा आहे, पण दुय्यम आहे.

हे पहिल्यांदा सांगण्याचं कारण असं की मला येणाऱ्या दहातल्या आठ प्रश्नांत भीती वस्तूंची असते. भाजीची पिशवी, दाराची कडी, चपला. तीच मंडळी जिन्यात शेजाऱ्याशी मास्क हनुवटीवर ओढून वीस मिनिटं गप्पा मारतात. जवळ, बराच वेळ आणि बंद जागेत, हे तीन एकत्र आले की धोका वाढतो. खालचं प्रत्येक उत्तर याच मापाने वाचा.

आणखी एक. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार पसरवू शकतो. त्यामुळे ‘तो तर ठणठणीत दिसत होता’ याला काही अर्थ नाही.

२. लक्षणं कोणती? साधी सर्दी आणि हे, फरक कसा ओळखायचा?

ताप, कोरडा खोकला, थकवा, घसा दुखणं, अंग मोडून येणं, आणि बिघडलं तर धाप. काहींना जुलाब होतात. नाक चोंदलेलं नसतानाही वास किंवा चव अचानक गेली, तर मला लगेच फोन करा. संसर्गानंतर लक्षणं बहुधा पाचेक दिवसांत दिसतात, पण चौदा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. विलगीकरणाचे चौदा दिवस तिथूनच आले.

नुसत्या लक्षणांवरून सर्दी आणि कोरोना वेगळे करता येत नाहीत. मलाही नाही. दहा सेकंद श्वास रोखून धरता आला म्हणजे कोरोना नाही, हे मोबाइलवर फिरणारं निदान तर निव्वळ थाप आहे.

३. साबण चांगला की सॅनिटायझर? आणि वीस सेकंद मोजायचे कसे?

घरात असाल तर साबण, कोणताही. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. महागडा जंतुनाशक साबणच हवा असं नाही, कपड्याच्या वडीनेही काम होतं. सॅनिटायझर बाहेर, पाणी नसेल तिथे. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असावं, आणि हात मातीने किंवा तेलाने माखलेले असतील तर त्याचा उपयोग कमी होतो.

वीस सेकंदांसाठी बेचा पाढा न घाई करता दोनदा म्हणा. अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा बहुतेकांच्या सुटतात. अंगठीखालची जागा तर सगळ्यांचीच.

किमतीबद्दलही विचारणा असते. २०० मिलीलीटरच्या बाटलीला १०० रुपये, दुपदरी मास्कला ८ आणि तिपदरीला १० रुपये ही केंद्राने ठरवलेली कमाल किंमत ३० जून २०२० पर्यंत आहे. दुकानदार जास्त मागत असेल तर पावती मागा.

४. सॅनिटायझर लावून लगेच गॅसपाशी गेलं तर?

जाऊ नका. अल्कोहोल पेट घेतं आणि त्याची ज्योत इतकी फिकी असते की उजेडात पटकन दिसतही नाही. पंतप्रधानांच्या आवाहनावरून ५ एप्रिलला घरोघरी दिवे लावायच्या आधीही हीच सूचना द्यावी लागली होती. हात पूर्ण कोरडे होऊ द्या. स्वयंपाकघरात नळ आहे, साबण आहे, तिथे सॅनिटायझरची बाटली हवीच कशाला? देवघरात निरांजनाशेजारी ठेवली असेल तर आधी ती उचला. लहान मुलांच्या हाती लागेल अशीही ठेवू नका, पोटात गेलं तर विषबाधा होते.

५. कापडी मास्क चालतो का, की एन-९५ च घ्यायचा?

तुमच्या-आमच्यासाठी दोन-तीन पदरी सुती मास्क पुरे. एन-९५ कोरोना वॉर्डात उभं राहणाऱ्यांना लागतात आणि त्यांनाच ते पुरत नाहीयेत. बाहेर पडताना मास्क लावणं पुण्या-मुंबईत एप्रिलपासून सक्तीचंच आहे.

झडपेचा मास्क घेऊ नका. झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणजे लावणारा निर्धास्त आणि समोरचा उघड्यावर. ओढणी, पदर किंवा उपरणं चेहऱ्यावर धरणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ते सारखं घसरतं आणि सावरायला हात सारखा तोंडाकडे जातो. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क बांधू नका, गुदमरण्याची भीती असते.

६. मास्क रोज धुवायचा का? आणि बोलताना खाली केला तर चालतं ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. थेंब उडतात ते बोलतानाच. फोनवर बोलताना एकवेळ खाली करा, समोर माणूस असताना नको. नाक उघडं ठेवून लावलेला मास्कही तसाच.

रोज गरम पाण्यात साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. सध्याचं ऊन या एका कामी तरी येऊ दे. कुकरमध्ये पाण्यात उकळलात तरी चालेल. माणशी किमान दोन मास्क असले की एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. काढताना कानामागच्या नाड्या धरून काढा आणि नंतर हात धुवा. एकाच खुंटीवर घरातल्या सगळ्यांचे मास्क अडकवू नका. अनेक घरांत दारामागे हेच दृश्य आहे.

७. भाजी, दूध आणि आंब्याची पेटी: काय कशाने धुवायचं?

दुधाची पिशवी नळाखाली धुवा, मग हात धुवा. भाजी आणि फळं वाहत्या पाण्यात चोळून धुवा. भाजीला साबण, डेटॉल, सॅनिटायझर किंवा ब्लीच लावू नका. हे पुन्हा लिहितोय, कारण साबणाने धुतलेल्या कोथिंबिरीची चटणी खाऊन पोट बिघडल्याचे फोन मला आले आहेत. मिठाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली तर माती आणि किडे निघतात, विषाणूसाठी त्याची विशेष गरज नाही. अन्न खाण्यातून हा आजार झाल्याचा पुरावा नाही आणि नीट शिजवलेल्या अन्नाची काळजीच नको.

हापूसच्या पेट्या यंदा कोकणातून थेट सोसायट्यांत उतरतायत, ते उत्तम आहे. पेंढ्यातून आंबे काढा, धुवा, पुसून कोरडे करून आढी लावा. ओला आंबा आढीत घातलात तर कोरोनाच्या आधी बुरशी लागेल. पेटी दोन दिवस बाल्कनीत पडू द्यायला हरकत नाही. पण पेटी आल्यावर गेटपाशी पंधरा जणांनी घोळका करून वाटणी करणं, धोका तिथे आहे. एकेकाला खाली बोलवा.

८. नोटा, कुरिअर, वर्तमानपत्र यांचं काय?

नोटांना इस्त्री करू नका, सॅनिटायझरने ओल्या करू नका. घेतल्या, पाकिटात ठेवल्या, हात धुतले, संपलं. बोटाला थुंकी लावून नोटा मोजायची सवय मात्र आता सोडाच. कुरिअरचं खोकं दारातच उघडून टाकून द्या. मध्यंतरी घरपोच वर्तमानपत्र बंद झालं होतं आणि तेव्हापासून लोकांच्या मनात कागदाची धास्ती बसली आहे. पेपर वाचा, वाचून झाल्यावर हात धुवा.

९. सोसायटीत फवारणी करून घ्यायची आहे. आणि गेटवर सॅनिटायझर टनेल?

टनेल नको. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिलला स्पष्ट सांगितलं आहे. विषाणू श्वासमार्गात असतो, शर्टावर क्लोरीन मारून तो मरत नाही. डोळे चुरचुरतात, कातडी लाल होते, दमेकऱ्याला धाप लागते, आणि ‘आता मी शुद्ध झालो’ म्हणून माणूस हात धुवायचा विसरतो.

रस्ता आणि भिंती फवारूनही फारसं साधत नाही. त्याच पैशात लिफ्टची बटणं, जिन्याचे कठडे, गेटची कडी आणि पाण्याच्या पंपाचं बटण दिवसातून दोनदा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचच्या पाण्याने, पुसून घ्या. ते विजेच्या बटणांवर फवारायचं नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं.

एक धोक्याची गोष्ट: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. ‘डबल पॉवर’ म्हणून हा प्रयोग होतोय.

१०. लिफ्ट वापरू की नको? गच्चीवर फिरायला जाऊ का?

जिना चढवत असेल तर जिना. लिफ्टमध्ये एका वेळी एका घरची माणसं, मास्क लावून, न बोलता. बटण कोपराने दाबा नाहीतर नंतर हात धुवा. गच्ची मोकळी आहे, हवा खेळती आहे, तिथे अंतर ठेवून फिरण्यात धोका फार कमी. पण सोसायटीची परवानगी आणि पोलिसांचा आदेश आधी पाहा, कारण प्रतिबंधित क्षेत्रात, म्हणजे रुग्ण सापडल्याने बंद केलेल्या भागात, नियम कडक आहेत. गच्चीवर पत्त्यांचा डाव मांडलात तर मात्र प्रश्न १ पुन्हा वाचा.

११. घरकामाच्या मावशींना कधी बोलवायचं? त्या आजार घेऊन येतील ना?

हा प्रश्न ज्या सुरात येतो तो मला खटकतो. पुण्यात हा आजार दुबईहून परतलेल्या पर्यटकांबरोबर विमानाने आला, झाडू घेऊन नाही. तुमच्यामुळे त्यांना होण्याची शक्यताही तितकीच धरा. शिवाय त्यांचं घर दहा बाय दहाचं आणि संडास सार्वजनिक असेल, तर तुमच्या घरून नेलेला आजार तिकडे जास्त पसरेल.

तुमच्या किंवा त्यांच्या वस्तीला प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केलं असेल तर बोलवूच नका. इतर ठिकाणी स्थानिक आदेश परवानगी देत असेल तर: आल्यावर साबणाने हात, स्वच्छ मास्क तुम्ही द्यायचा, खिडक्या उघड्या, आणि त्या ज्या खोलीत काम करतील तिथे तुम्ही थांबायचं नाही. तुम्हीही मास्क लावायचा, हे विसरलं जातं. ताप-खोकला असेल तर पगार न कापता घरी थांबू द्या. पगार कापलात तर ताप लपवून कामावर यावं लागेल.

मार्च-एप्रिलचा पगार द्यायचा का, असंही विचारतात. द्यायचा.

१२. काढा, हळदीचं दूध, गरम पाणी, वाफ, आर्सेनिकच्या गोळ्या. घेऊ का?

तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा आयुष मंत्रालयाने सुचवला आहे. घशाला बरं वाटतं, दिवसातून एकदा कपभर घ्या. चार-चार वेळा कडक काढा पिऊन आम्लपित्त वाढलेले, तोंड आलेले लोक मला रोज फोन करतात. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या. गरम पाण्याने घशातला विषाणू पोटात ढकलला जातो ही भाकडकथा आहे.

वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, भाजण्याचे प्रकार असेच होतात. आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या सोसायट्यांत वाटल्या जातायत. त्यांनी कोरोना टळतो असं दाखवणारा पुरावा नाही. घ्यायच्या तर घ्या, पण गोळ्या घेतल्या म्हणून मास्क काढणार असाल तर नका घेऊ.

दारूच्या दुकानांपुढे रांगा लागल्यापासून एक नवा प्रश्न आलाय, दारू प्यायल्याने विषाणू मरतो का? त्याचं उत्तर: नाही, पोटातल्या अल्कोहोलने काही होत नाही.

१३. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आधीच घेऊन ठेवू का? केमिस्ट ओळखीचा आहे.

नाही. मलेरियावरची ही गोळी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि रुग्णाच्या घरातल्या संपर्कातल्यांसाठी सुचवली, तीही देखरेखीखाली. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय तिने बिघडते. मार्चअखेरपासून ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आणि संधिवात, ल्युपसच्या ज्या रुग्णांना ती वर्षानुवर्षं लागते, ते तुमच्या साठेबाजीमुळे दुकानोदुकानी हिंडतायत.

१४. उन्हाळ्यात विषाणू मरतो म्हणतात. चिकन बंद करू का? एसी लावू का?

उन्हाळ्याचं उत्तर अकोला, मालेगाव आणि सोलापूरने दिलं आहे. तिथल्या मे महिन्याबद्दल कोणाला सांगायला नको आणि तिथली रुग्णसंख्याही पेपरात आहे.

चिकन, अंडी, मासे खुशाल खा. चिकनमधून कोरोना होतो या फेब्रुवारीतल्या अफवेने राज्यातले कोंबडीवाले पार झोपले. त्या अफवेत तथ्य नव्हतं.

घरचा एसी घरच्याच माणसांपुरता असेल तर लावा, २४ अंशांच्या वर ठेवा आणि एक खिडकी किंचित उघडी असू द्या. बाहेरचं कोणी आलं असेल तर एसी बंद, खिडक्या सताड उघड्या.

१५. आई-बाबा सत्तरीचे, दोघांना बीपी आणि साखर. बीपीच्या काही गोळ्यांनी धोका वाढतो असं वाचलं. बंद करू?

अजिबात नाही. अशी शंका काढली गेली होती, पण हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या आहेत. गोळी सोडून बीपी भडकला आणि पक्षाघात झाला, तर तो धोका कोरोनाइतकाच खरा आहे. महिन्याभराचा साठा घरात ठेवा. साखर काबूत ठेवा, तीच या आजारात घात करते.

६५ वरच्यांनी, दहा वर्षांखालच्या मुलांनी आणि गरोदर बायकांनी अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडू नये असं केंद्राचं म्हणणं आहे. पण घरात बसवलं म्हणजे गुडघे आखडू देऊ नका. खोलीतल्या खोलीत फेऱ्या होऊ द्या. आणि बाहेर जाणारा मुलगा रात्री बाबांच्या शेजारी बसून जेवत असेल, तर त्यांना घरात ठेवून काय मिळवलं? त्याने थोडं लांब बसावं. सासूबाईंना याचा राग येतो हे मला ठाऊक आहे.

१६. बाळाची लस पुढे ढकलू का? बाकीच्या आजारांसाठी दवाखान्यात यावं का?

लस वेळेवर द्या. फोन करून वेळ ठरवा म्हणजे गर्दी होणार नाही. गोवर कोरोनाची वाट पाहत थांबत नाही.

छातीत दाब, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, रक्तस्राव, डायलिसिस: यातलं काही असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ‘हॉस्पिटलात गेलं की कोरोना होतो’ म्हणून छातीतली कळ रात्रभर सोसणारे लोक आहेत. हृदयविकारात त्या रात्रीची किंमत मोठी असते. नंबरचा चष्मा, दातांची सफाई, गुडघ्याची जुनी तक्रार थांबू शकते.

१७. घरात एकाला ताप आलाय. आता काय?

घाबरून चार दवाखाने फिरू नका. त्या माणसाला वेगळ्या खोलीत झोपवा, मास्क द्या, तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी. ताप दिवसातून तीनदा मोजून वहीत लिहा. मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा, थेट येऊ नका. मे महिना आहे, ताप उन्हाचा, टायफॉइडचा, साध्या घशाचाही असतो.

थांबू नये अशा खुणा: बोलताना धाप लागणं, ओठ निळसर होणं, छातीत सतत दुखणं, गुंगी, बरळणं. अशा वेळी १०८ ला फोन. साध्या चौकशीसाठी १०४ आहे.

१८. टेस्ट करून मनाची खात्री करून घेऊ का? निगेटिव्ह आली तर मोकळे ना?

मनाच्या खात्रीसाठी टेस्ट होत नाही. लक्षणं किंवा जवळचा संपर्क, आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. खासगी प्रयोगशाळेत साडेचार हजार रुपये ही वरची मर्यादा. नाकाघशातला स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करतात. कळ क्षणभराची, डोळ्यांतून पाणी येतं एवढंच.

एक निगेटिव्ह म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. स्वॅब फार लवकर घेतला किंवा नीट घेतला गेला नाही, तर बाधित माणसाचीही टेस्ट निगेटिव्ह येते. संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी धावू नका, निदान पाच दिवस जाऊ द्या आणि चौदा दिवस पूर्ण घरी थांबा. रक्ताच्या झटपट किटचा आग्रह धरू नका. बाहेरून आणलेली काही किट इतकी बेभरवशाची निघाली की आयसीएमआरने एप्रिलअखेर राज्यांना ती परत करायला सांगितली.

१९. समोरच्या फ्लॅटमधले पॉझिटिव्ह आले. आम्हाला होणार का?

समोरासमोर दार असल्याने होत नाही. मागच्या काही दिवसांत तुम्ही त्यांच्याजवळ मास्कशिवाय बसला होतात का, हा खरा प्रश्न. नसाल तर पंधरा दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा, बस. असाल तर महापालिकेच्या पथकाला खरं सांगा. भिशी झाली होती, हळदीकुंकू झालं होतं, हे लपवू नका. हा शिक्षेचा नाही, तपासणीचा विषय आहे.

त्यांच्या दाराबाहेर दूध, औषधं ठेवून बेल वाजवून मागे सरका. पाणी तोडणं, कचरा न उचलणं, नावं मोबाइलवर फिरवणं हे करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की यामुळे पुढचा माणूस लक्षणं लपवतो आणि आजार तुमच्याच जिन्यात पसरतो.

२०. घर एकाच खोलीचं आहे. विलगीकरण कसं करायचं?

प्रामाणिक उत्तर: रुग्ण असेल तर घरी करू नका. अगदी सौम्य लक्षणांच्या रुग्णाला घरी राहता येईल असं केंद्राने २७ एप्रिलला सांगितलं, पण त्यासाठी वेगळी खोली आणि काळजी घ्यायला माणूस हवा. ते नसेल तर कोविड केअर सेंटरमध्ये जाणं घरच्यांवरचे उपकार आहेत.

नुसता संपर्क असेल, आजार नसेल, तर खिडकीजवळची जागा त्याची. डोकी एकमेकांकडे करून झोपू नका, एकाचे पाय तिकडे दुसऱ्याचं डोकं असं झोपा. ताट-पेला वेगळा, जेवण वेगळ्या वेळी, संडास त्याने शेवटी वापरायचा आणि वापरून झाल्यावर कडी, नळ पुसायचा. घरातही सगळ्यांनी मास्क. उकाड्यात हे जाचक आहे, पण पडदा टांगून पंखा गरगर फिरवण्यापेक्षा उघडी खिडकी बरी.

बाळाला अंगावर पाजणारी आई बाधित असेल तरी तिने पाजावं. हात धुऊन, मास्क लावून.

२१. ऑक्सिमीटर विकत घेऊ का? आकडा ९३ दाखवतोय!

घरात वयस्क, दमेकरी किंवा विलगीकरणातला रुग्ण असेल तर उपयोग आहे, नाहीतर नसती काळजी विकत घ्याल. आधी बघा: बोट गार आहे का, नेलपॉलिश किंवा मेंदी आहे का, बोलता-बोलता मोजलंत का? बोटं चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, मधल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिरावू द्या. ९५ च्या वर ठीक. पुन्हा पुन्हा ९४ किंवा त्याखाली येत असेल तर धाप नसली तरी फोन करा. या आजारात काहींचा ऑक्सिजन उतरतो आणि त्यांना ते जाणवतही नाही. दर दहा मिनिटांनी मोजू नका. बाकी खुणा प्रश्न १७ मध्ये.

२२. काकांना टेस्ट न करताच दहा दिवसांत घरी सोडलं. हा हलगर्जीपणा नाही का?

नाही. ८ मेपासून नियम बदलला. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला, तर पुन्हा टेस्ट न करता सोडतात. पुढचे सात दिवस त्यांनी घरात वेगळं राहायचं. बरं झाल्यावरही नाकात विषाणूचे मेलेले तुकडे सापडत राहतात आणि टेस्ट पॉझिटिव्ह येते. खूप आजारी असलेल्यांसाठी नियम वेगळा आहे. काकांना सोसायटीच्या गेटवर ‘निगेटिव्हचा कागद दाखवा’ म्हणून अडवू नका, तसा कागद त्यांना मिळणारच नाही.

२३. गावाला जावं का? तिथे तरी मोकळं असेल.

ई-पास लागेल, तो पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो. गेल्यावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस शाळेत किंवा वेगळ्या घरात राहावं लागतं. कोकणात कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकलेत. चाकरमान्यांना याचा राग येतो, पण वाडीवर म्हातारी माणसं आणि जवळचं व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या गावी, हे ध्यानात घ्या. अडकून पडला असाल, काम गेलं असेल तर जा, आणि ते चौदा दिवस मनापासून पाळा. निव्वळ कंटाळा आलाय म्हणून जाणार असाल तर थांबा.

२४. आमच्या इमारतीत एक परिचारिका राहते. तिला काही दिवस दुसरीकडे राहायला सांगायचं आहे.

सांगू नका. धोका कसा टाळायचा हे इमारतीत सगळ्यांत जास्त तिलाच कळतं. २२ एप्रिलच्या अध्यादेशानंतर आरोग्य कर्मचाऱ्यांवरची हिंसा आणि छळ हा अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं. घरमालकाने घर सोडायला लावणंही त्यातच येऊ शकतं. मूळ साथरोग कायदा १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, तेव्हा सरकारची माणसं घरांत घुसत होती. आता घरातल्यांपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचवायला त्यात दुरुस्ती करावी लागली.

२५. लग्न पुढे ढकलू का? आणि घरात कोणी गेलं तर अंत्यविधीचं काय?

लग्नाला ५० माणसांची परवानगी आहे. ढकलता येत असेल तर ढकला, नाहीतर अंगणात, जेवणाच्या पंगतीशिवाय उरका. पंगतीत मास्क निघतात.

अंत्यविधीला २० जणांपर्यंत मर्यादा आहे. कोरोनाने मृत्यू झाला असेल तर कर्मचारी आवरणाची झिप उघडून घरच्यांना चेहरा दाखवू शकतात. स्पर्श न होणारे विधी करता येतात, म्हणजे मंत्र म्हणणं, लांबून पाणी शिंपडणं. आंघोळ घालणं, मिठी मारणं नाही. अस्थींपासून कोणताही धोका नाही, त्या निःशंक घरी न्या. हे केंद्राच्याच सूचनेत आहे आणि तरीही अस्थी न्यायला लोक येत नाहीत. भेटायला येणाऱ्यांना मात्र फोनवरच भेटा, कारण गळ्यात पडून रडण्यात अंतर राहत नाही.

२६. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह आलो तर मुलांचं कोण बघणार?

रात्री अकरानंतर येणारा हा प्रश्न. आत्ताच ठरवून ठेवा, धावपळीत सुचत नाही. साठीच्या आतलं, धडधाकट असं एक माणूस निवडा, मावशी, काका, शेजारी कोणीही. आजी-आजोबांकडे मुलांना पाठवू नका, मुलंही तोवर संपर्कातली झालेली असतील. ज्याला निवडलं त्याला आज फोन करून विचारा.

एक पिशवी भरून दारामागे ठेवा. आधार कार्ड आणि विम्याच्या कागदांच्या प्रती, रोजच्या गोळ्या नावांच्या चिठ्ठीसह, दोन जोड कपडे, चष्मा, पाण्याची बाटली, साबण, मोबाइलचा चार्जर. चार्जरची वायर लांब घ्या, वॉर्डातला प्लग पलंगापासून दूर असतो. पैसे थोडे रोख. घराची किल्ली आणि गॅस बंद करायचं काम कोणाकडे, ते फ्रिजवर लिहून चिकटवा, आणि त्याच कागदावर मुलांच्या शाळेच्या ग्रुपमधल्या एका पालकाचा नंबरही.